१५० मिमी न्यूटनियन की १०२ मिमी रिफ्रॅक्टर: मधला आरसा किती उजेड अडवतो?

न्यूटनियन म्हणजे आरशांची दुर्बीण, रिफ्रॅक्टर म्हणजे भिंगाची. न्यूटनियनच्या तोंडाशी मधोमध बसवलेला दुय्यम आरसा पाहिला की घेणारा बिचकतो: एवढा उजेड अडला तर उरणार काय? आकडे मांडून बघू.

उजेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो. १५० चा वर्ग २२,५००, १०२ चा १०,४०४. १२०० मिमी नाभीय अंतराच्या न्यूटनियनमधला दुय्यम आरसा ३६ मिमीचा धरला, तर त्याचा वर्ग १,२९६. व्यासाने २४ टक्के, म्हणून डोळ्यांत भरतो; उजेड मात्र पावणेसहा टक्केच अडतो. त्याला धरणाऱ्या चार पट्ट्या १ मिमी जाडीच्या असतील तर आणखी सव्वा टक्का. खरी घट मुलाम्यात आहे. साधा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा सुमारे ८९ टक्के उजेड परत पाठवतो, दोन आरशांनंतर ७९ टक्केच उरतो. सगळं वजा जाता ही दुर्बीण बिनअडथळ्याच्या १२८ मिमी भिंगाइतका उजेड देते. रिफ्रॅक्टरलाही भिंगाची थोडी घट आणि आयपीसआधीच्या (आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग) काटकोनी आरशाची घट आहेच. ती धरून हिशेब ९४ मिमीवर येतो. फरक जवळपास ०.७ प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचं माप), न्यूटनियनच्या बाजूने.

मधला आरसा चित्रात काळा ठिपका म्हणून दिसत नाही, कारण चित्रातल्या प्रत्येक बिंदूला अख्ख्या आरशाचा उजेड येतो. गच्चीच्या कठड्याने अर्धा आरसा झाकला तरी चंद्र पूर्णच दिसतो, फक्त निम्मा उजळ. फोकस हलवलात तर ताऱ्याचं कडं होतं, त्यात आरशाची सावली दिसते. दिवसा ४० मिमी आयपीस लावून दूरची पाण्याची टाकी बघतानाही मधे काळी छाया तरंगते: डोळ्याची बाहुली उजेडाने आकसलेली असते आणि आयपीसमधून येणारा ५ मिमीचा झोत तिच्यात मावत नाही.

अडथळ्याचा खरा फटका बारीक तपशिलाला बसतो. ताऱ्याच्या मधल्या ठिपक्यात बिनअडथळ्याच्या दुर्बिणीत ८४ टक्के उजेड जमतो, इथे साधारण ७३; उरलेला भोवतीच्या कड्यांत पसरतो. गुरूचे पट्टे त्यामुळे किंचित फिके होतात. ढोबळ नियम असा: व्यासातून अडथळा वजा करा. १५० वजा ३६, म्हणजे ११४. तरीही १०२ पेक्षा जास्तच, शिवाय स्वस्त रिफ्रॅक्टरमधली जांभळी किनार इथे नाही.

म्हणून गच्चीसाठी १५० मिमीच घ्यावी. रिफ्रॅक्टर त्यांनी घ्यावी ज्यांना दुर्बीण जिन्यावरून रोज चढवायची आहे किंवा आरसे जुळवत बसायचं नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्लॅब रात्रीपर्यंत धग सोडतो, आरसा निवायला पाऊण तास लागतो आणि तोवर चित्र उकळत राहतं.

शहरात व्यास वाढवला की आकाशाचा उजेडही तेवढाच वाढतो, दीर्घिका पार्श्वभूमीतून सुटत नाही. विजापूर रस्त्याने शहर मागे टाका. मे महिन्यात नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला २५ अंशांवर येतो. व्यासाची किंमत तिथे वसूल होते.

धुळीसाठी दुर्बिणीवर थेट चादर टाकू नका, आधी झाकण लावा. सुताचे तंतू आरशावर बसतात. पातळ धूळ फारसा उजेड खात नाही, कोरडं फडकं मात्र मुलामा ओरखडतं. आणि चित्र अचानक अंधारं आलं तर झाकण बघा: त्यातलं ५० मिमीचं छोटं बूच तेवढं काढलं असेल, तर उजेड नवव्या हिश्श्याइतकाच येतोय.