गुरुग्राम, पुणे की सोलापूर: आई-वडिलांच्या जवळ राहायचे म्हणजे नेमके कुठे?

नोकरीसाठी दिल्लीकडे गेलेल्या सोलापूरकरांच्या घरात हा प्रश्न बहुधा एखाद्या फोनने उभा राहतो. आमच्या अण्णांचा न्हाणीत पाय घसरला, मनगटाचे हाड मोडले, शेजारच्या काकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि हे सगळे झाल्यावर तीन तासांनी मला गुरुग्राममध्ये कळले. त्यानंतरचे वर्षभर मी आणि माझे पती तीन पर्याय तोलत होतो: आपण बिऱ्हाड घेऊन सोलापूरला यावे, आई-अण्णांना गुरुग्रामला न्यावे, किंवा पुण्यात नोकरी शोधून मधला मार्ग काढावा. दोन वर्षांपूर्वी आम्ही सोलापूरला आलो. आमचा निर्णय सर्वांना लागू पडेल असे नाही. पण आम्ही सुरुवातीला ज्या गोष्टींची तुलना करत होतो त्या चुकीच्या होत्या, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

आम्ही अंतर मोजत होतो. कर्नाटक एक्स्प्रेस नवी दिल्लीहून रात्री निघते ती दुसऱ्या रात्री सोलापूरला येते. विमानाने पुण्यापर्यंत दोन तास लागत असले, तरी घरापासून विमानतळ, तिथली प्रतीक्षा आणि पुढचा सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता धरला, तर पूर्ण दिवस जातो. पुण्यात राहिले, तर हेच अंतर चार-पाच तासांवर येते आणि म्हणूनच पुण्याचा पर्याय कागदावर फार शहाणपणाचा दिसतो. परंतु अण्णा पडले तेव्हा त्यांना अर्ध्या तासात दवाखान्यात पोहोचवणारा माणूस शेजारचा होता, आणि मी पुण्यात असते तरी तोच असता. अचानक आलेल्या आजारपणात पहिला तास शेजाऱ्यांचाच असतो. त्यामुळे ‘वेळप्रसंगी लवकर पोहोचता यावे’ एवढ्याच कारणासाठी पुण्याला जाणाऱ्याच्या हाती वाटते त्यापेक्षा कमी लागते, असे माझे मत आहे.

खरा फरक पडतो तो काहीही न घडणाऱ्या दिवसांत. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला डोळ्यांत घालण्यासाठी औषधाच्या तीन बाटल्या दिल्या होत्या. एक दिवसातून सहा वेळा, दुसरी चार वेळा, तिसरी फक्त रात्री, आणि त्यांतल्या दोघींची झाकणे पांढरी. ती एकेक बाटली फोनसमोर धरायची, मला अक्षरे पुसट दिसायची, अण्णांचा हात प्लास्टरमध्ये. शेवटी आईने एका बाटलीला गोधडीच्या लाल दोऱ्याची गाठ मारली आणि मग गोंधळ थांबला. एवढ्याशा कामासाठी कोणी पुण्याहून येत नाही, येऊही नये. पण म्हाताऱ्या माणसांचे दिवस अशाच कामांनी भरलेले असतात.

त्यात सोलापूरचे पाणी. उजनीच्या धरणावर अवलंबून असलेल्या या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. आमच्या भागात ते चौथ्या-पाचव्या दिवशी येते आणि कधी कधी पहाटे तीनला. ‘पाणी आलं’ अशी हाक गल्लीत ऐकू आली की कोणीतरी उठून मोटार लावावी लागते, हौद भरला की बंद करावी लागते, पिण्याचे वेगळे भरून गाळून ठेवावे लागते. शहात्तर वर्षांचे अण्णा हे एका हाताने करत होते आणि आम्हाला फोनवर त्याबद्दल कधीच बोलले नव्हते, कारण त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. तुमच्या आई-वडिलांच्या घरी पाणी कोण भरते, गॅसचे सिलिंडर कोण सरकवते, बँकेत सोबत कोण जाते, याची यादी आधी करा. ही कामे विश्वासाच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेता येत असतील, तर परतण्याची निकड बरीच कमी होते. आम्ही वर्षभर तसा माणूस शोधला. दोघे आले आणि दोन-तीन महिन्यांत सोडून गेले.

दोघांना गुरुग्रामला नेऊन ठेवण्याचा प्रयत्नही आम्ही चार महिने केला. तिथली मोठी रुग्णालये हा या पर्यायाचा सर्वांत भक्कम आधार आहे आणि तो कमी लेखू नये. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, चांगले खासगी डॉक्टर आहेत, तरीही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा दुर्मीळ आजारासाठी इथले लोक आजही पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. वडिलांना सतत तज्ज्ञांच्या देखरेखीची गरज असेल, तर त्यांना तुमच्याकडे नेणेच योग्य, असे मी स्पष्ट म्हणेन. आमच्याकडे तशी गरज नव्हती. शिवाय चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात अण्णा दिवसभर गॅलरीत बसून राहत. सोलापुरात ते दूधवाल्याशी कानडीत, पूर्व भागातल्या विणकर मित्रांशी तेलुगूत आणि घरी मराठीत बोलतात. तिथे त्यांना लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाशी हिंदीत दोन वाक्येच बोलता येत होती. नोव्हेंबरमध्ये हवा बिघडली, दारे-खिडक्या बंद झाल्या आणि त्यांचा खोकला थांबेना. आईसाठी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आम्ही मागवली, पण भाकरी थापायला ती एकटीच होती आणि खायला बोलवावे असे कोणी नव्हते. डिसेंबरात ती म्हणाली, “गड्ड्याला घरी जायचंय.” गड्डा म्हणजे जानेवारीतली सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. ती परत आली आणि पुन्हा गेली नाही.

सरकारी सवलतींमुळे या निर्णयात फारसा फरक पडत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये अमलात आला आणि ते कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. पंच्याहत्तरीनंतरचा एसटीचा मोफत प्रवास महाराष्ट्रापुरता आहे, इतकाच काय तो फरक.

पैशांच्या बाबतीत मात्र सोलापूर दोन्ही बाजूंनी ओढते. आमचे बेचाळीस हजारांचे घरभाडे वाचले, कारण इथे अण्णांचे घर आहे; पण घरून काम करण्याची परवानगी मिळवताना माझा पगार सुमारे तीस टक्क्यांनी घटला आणि बढतीचा विषय संपला. ही नोकरी गेली, तर त्याच दर्जाची दुसरी नोकरी या शहरात मिळणार नाही, हे इथून पुण्याला गेलेली मुले जाणतात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येता येते, पण ते महिन्यातून दोनदा शक्य आहे, रोज नाही. पती-पत्नींपैकी एकाचे तरी उत्पन्न कार्यालयाच्या हजेरीवर अवलंबून नसेल, तरच सोलापूरचा विचार करावा. दोघांचेही असेल, तर पुण्याचा पर्याय त्याच्या सर्व उणिवांसह पुन्हा पुढे येतो.

मुलांच्या बाबतीत एक नियम अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. म्हणजे मूल आठवीत आहे तोवर परतलात, तर दार उघडे राहते आणि दहावी हरियाणात झाली, तर ते बहुतेक बंद होते. आमची मुलगी सहावीत आली. २०२० च्या कायद्यानुसार इथल्या इतर मंडळांच्या शाळांतही मराठी सक्तीची आहे, आणि पहिले सहा महिने जोडाक्षरांनी तिला रडवले. संध्याकाळी अण्णाच तिचा अभ्यास घेत, प्लास्टर निघालेल्या हाताने पाटीवर अक्षरे गिरवून देत.

भावंडे असतील, तर येण्याआधीच बोलून घ्यावे. माझा भाऊ परदेशात आहे. मी अण्णांच्या घरात राहायला आले याचा अर्थ घर माझे झाले असा होत नाही, हे आम्ही चौघांनी एकत्र बसून कागदावर लिहिले. औषधांचा खर्च तो पाठवतो, राबणे माझ्याकडे आहे. ते बोलणे अवघड गेले, पण त्यानंतर त्या विषयावरून आमच्यात एकदाही शब्दाला शब्द लागला नाही.

हे सगळे तोलूनही मन ठरत नसेल, तर महिनाभराची रजा काढून सोलापूरला राहून पाहावे. मात्र जानेवारीत येऊ नये. तेव्हा हवा सुखद असते, सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि आई-वडीलही टवटवीत दिसतात. मे महिन्यात या. पारा बेचाळीसच्या वर असताना, दुपारी वीज गेलेली असताना लॅपटॉपवर काम करून पाहा, पहाटे तीनला उठून पाणी भरा आणि त्याच दिवशी वडिलांना घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहा.