नदीकाठी टेंटमध्ये २३ रात्री: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

नऊ महिने झाले हा टेंट घेऊन. दोन माणसांचा, दोन थरांचा, म्हणजे आत जाळी आणि वरून फ्लाय, पाऊस अडवणारं बाहेरचं कापड. मोजून २३ रात्री काढल्या त्यात आणि जवळपास सगळ्या नदीकाठी. काही गावाबाहेर शेतातल्या जागांवर, जिथे निदान एक नळ आणि कसाबसा संडास असतो, आणि बाकीच्या अशा ठिकाणी की सपाट जमीन सोडली तर काहीच नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, बरं झालं थांबलो.

घेताना माझं सगळं लक्ष पावसावर होतं. फ्लाय १५०० मिलिमीटर, तळ ३००० मिलिमीटर, म्हणजे कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी थेंब झिरपत नाही असा त्या आकड्याचा अर्थ. तर पाऊस याने अडवला, तक्रार नाही. रात्रभर कोसळला तरी शिवणीतून काही आलं नाही. फक्त एकदा जमीन खालून पार दलदल झालेली आणि मी गुडघे टेकून बॅगेत काहीतरी शोधत बसलो, तिथे तळाला ओल आली, कारण गुडघ्याचा भार पावसाच्या थेंबापेक्षा किती तरी जास्त पडतो. ते चालायचंच.

पण नदीकाठी खरं भिजवतं ते दव, आणि तेही आतून! पहिल्याच ट्रिपला पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला आणि मी झोपेत शिव्या घातल्या की नवाकोरा टेंट गळतोय म्हणून. बाहेर डोकं काढलं तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं, ढगाचा पत्ता नाही. फ्लायच्या आतल्या बाजूला हात लावला तर ओलीचिंब. दोन माणसांच्या श्वासाची वाफ, त्यात नदीवरची दमट हवा, आणि मोकळ्या आभाळाखाली कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड पडतं, मग पाणी तिथेच जमणार. मी तर थंडी वाजते म्हणून वरच्या दोन्ही खिडक्या पण घट्ट लावून झोपलेलो, म्हणजे कामच झालं.

आता कितीही गार असो, खिडक्या उघड्याच ठेवतो आणि फ्लायचं एक दार अर्धं गुंडाळून. आणि मुख्य म्हणजे जागा बदलली. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खाली नदीच्या पात्राजवळ साचते, त्यामुळे काठापासून थोडं वर चढलं तरी फरक कळतो. एका ट्रिपला पहिली रात्र अगदी काठच्या गवतावर काढली आणि दुसरी तिथूनच वरच्या टप्प्यावर झाडांखाली, तर दुसऱ्या सकाळी फ्लाय नुसती दमट, पुसायची पण गरज पडली नाही. झाडाखाली लावताना वर वाळलेली फांदी नाही ना ते मात्र मान वर करून बघा, आळस करू नका.

वर चढायचं दुसरं कारण नदी स्वतः. पाण्यापासून ६० मीटर लांब राहा असं सगळीकडे वाचलेलं, नदी घाण होऊ नये आणि जनावरांची पाण्याची वाट अडू नये म्हणून तो नियम आहे, पण लांब म्हणजे उंच नव्हे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वाळूचा पट्टा सपाट असेल तर ६० मीटर मागे जाऊनही तुम्ही पाण्यापेक्षा हातभरच उंच असता. मी आता झुडपं बघतो. फांद्यांना वाळका पाचोळा, काड्या, चिंध्या अडकलेल्या दिसल्या की समजायचं पाणी इथपर्यंत येऊन गेलंय.

एकदा संध्याकाळी सवयीने पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवली. दिवसभर पाऊस नाही काही नाही. रात्री तीनच्या सुमाराला उठलो आणि टॉर्च मारला तर काठी पाण्यात उभी, कडेपासून पाचसहा पावलं आत, आणि पाण्याचा आवाजच बदललेला, आधी खळखळ होती ती जाऊन एक जाड घुमल्यासारखा आवाज. वर कुठेतरी पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सोडलं असेल, आम्हाला कोण सांगणार. टेंट वरच्या टप्प्यावर होता म्हणून वाचलो, पण पाय धुऊन काठावर ठेवलेल्या सँडलपैकी एक गेली. परतीचा रस्ता एका पायात सँडल आणि दुसऱ्यात दोन मोजे, मित्र अजून हसतात.

आता वाळू. टेंटबरोबर जे सळईचे पेग, म्हणजे दोऱ्या बांधायला जमिनीत ठोकायचे खुंटे, येतात ना वीतभर लांबीचे, ते वाळूत म्हणजे लोण्यात टाचणी. जरा वारा आला की सगळे बाहेर. यावर जुगाड असा की टेंटच्या छोट्या पिशव्या वाळूने भरायच्या, मधोमध दोरी बांधायची आणि कोपरभर खड्डा करून पुरून वरून पायाने दाबायचं. जाड काठी आडवी पुरली तरी चालतं. ओढून बघा, हलत नाही. नायलॉनची फ्लाय असेल तर झोपण्याआधी दोऱ्या परत एकदा ताणा, कारण नायलॉन भिजला की सैल पडतो आणि मग तीच ओली फ्लाय आतल्या जाळीला चिकटते.

या टेंटची खरी दुखरी नस म्हणजे चेन. बारीक वाळू दातांत जाते आणि स्लायडर झिजतो. सातव्या महिन्यात नेमके डास घोंगावत असताना दाराची चेन स्लायडर फिरवला की मागून उसवायला लागली. मग टॉर्च तोंडात धरून स्लायडरच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच दाबल्या, हलकेच म्हणजे अगदी हलकेच, जास्त दाबलं तर फुटतो, आणि चेन परत धरायला लागली. आता रोज सकाळी जुन्या टूथब्रशने चेन झाडतो. कंपनीने इथे जरा जाड चेन द्यायला काय हरकत होती?

शेतातल्या जागांवर वेगळाच वैताग, गुरं. दोऱ्या काळ्या, अंधारात दिसत नाहीत, एक गाय अडखळली आणि पोल वाकला. बरोबर आलेली छोटी नळी वाकलेल्या जागी सरकवून दोन्हीकडून चिकटपट्टी गुंडाळली, तो पोल अजून तसाच चालू आहे. दोऱ्या मात्र चमकणाऱ्या घेतल्या.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. नदीचं पाणी गढूळ असेल तर बादलीत रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, मग वरचं गाळा, नाहीतर फिल्टर दोन दिवसांत तुंबतो. नंतर चांगली उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. संडास नसेल तिथे पाण्यापासून तेच ६० मीटर आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, आणि तो वाळूत नको, मातीत.

घरी आल्यावर टेंट ओला गुंडाळून ठेवायचा नाही हे माहीत असूनही एकदा मी चार दिवस तसाच ठेवला. तळाच्या एका कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके पडले ते अजून गेले नाहीत, वासही थोडा राहिलाच. बाकी कापड शाबूत आहे, कोटिंग कुठे सुटलेलं नाही. पाचपैकी साडेतीन देईन, दीड चेनीचे आणि पेगचे कापले. पुढच्या महिन्यात परत जातोय, नवा स्लायडर आणून ठेवलाय, आणि सँडल आता टेंटच्या आत.