सातारा–पुणे शेअर कॅब: गाडी झकास, ड्रायव्हर धुरात

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी आधीच सांगतो: पाचपैकी दोन तारे, आणि तेही गाडीला. कंपनीचं नाव लिहीत नाही. या रस्त्यावर असल्या बऱ्याच सेवा आहेत आणि आज एकीकडे असलेला ड्रायव्हर उद्या दुसरीकडे दिसतो, तेव्हा नाव घेऊन उपयोग नाही.

मी एसटीत चालक होतो, सातारा आगारातून निवृत्त झालो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत बसलो की नजर आपोआप ड्रायव्हरच्या हातांवर जाते. पुण्याला मंडळींच्या डोळ्यांची तपासणी होती आणि त्यांना दम्याचा त्रास, म्हणून म्हटलं, यावेळी धक्के नकोत, कॅबनं जाऊ.

बुकिंगला तक्रार नाही. आदल्या रात्री ड्रायव्हरचा नंबर आला, सकाळी गाडी सांगितलेल्या वेळेला दारात. सीएनजीवरची अर्टिगा, सीटकव्हर धुतलेली, एसी गार. डिकीत सिलेंडर असल्यामुळे सामानाला जागा नाही, एक पिशवी मांडीवर घ्यावी लागली, पण ते चालतं. मधल्या सीटवर आम्ही दोघं, मागं एक बाई लहान मुलाला घेऊन, पुढं कानात बोंडं घातलेला कॉलेजचा पोरगा.

गिअरच्या पुढं कप ठेवायच्या खाचेत एक डबी होती. झाकण उघडलं की आत निळा दिवा लागतो. मला वाटलं सुगंधाची असेल. आनेवाडीचा टोलनाका मागं पडल्यावर कळलं, ती राखेची आहे.

ड्रायव्हरनं आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली आणि सिगारेट पेटवली. मी म्हटलं, "बाळा, मागं लेकरू आहे, यांना दमा आहे. विझव."

"काका, काच खाली आहे की. धूर बाहेर जातोय."

जात नाही. पुढची काच थोडी उघडली की धूर आणि राख दोन्ही मागच्या माणसाच्या तोंडावर येतात, आणि एसी तीच हवा फिरवत बसतो. पुढं बसणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण वास त्याच्याकडं सगळ्यात शेवटी पोचतो. मंडळींनी पदर नाकाला लावला तो खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत काढला नाही.

पण धुराबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचंय ते हाताबद्दल. आपल्याकडं उजवा हात खिडकीच्या बाजूला, म्हणजे सिगारेट उजव्या हातात. डावा हात गिअरवर गेला की स्टेअरिंग कुणाकडं? या पठ्ठ्यानं गुडघा लावला होता. आमच्या वेळी असं करताना तपासणी पथकाला दिसला असता तर डेपोत पोचायच्या आधी अहवाल पोचला असता. ओढणारे आमच्यातही होते, नाही कशाला म्हणू. पण ते स्टँडवर, चहाच्या गाड्याशेजारी, गाडीकडं पाठ करून.

शिरवळच्या पुढं गॅस भरायला थांबलो. तिथं मात्र पंपाच्या बाहेरच त्यानं थोटूक विझवलं, सगळ्यांना खाली उतरवलं, मोबाईलसुद्धा खिशात ठेवला. म्हणजे नियम पाळता येतो. जिथं स्वतःच्या जिवाची भीती वाटते तिथं आपोआप पाळला जातो.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार आहे. पुणेकरांना हा उतार सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले कंटेनर तिथं किती वेळा पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळलेत ते पेपरात येतच असतं. नेमकी तिथं पुन्हा सिगारेट. आणि ठिणगी मांडीवर पडली. ड्रायव्हरनं खाली बघितलं, डाव्या हातानं पँट झटकली, उजव्यात सिगारेट तशीच. काटा साठच्या पुढं. साठला गाडी सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर जाते. तीन सेकंद धरा, पन्नास मीटर झाले; चार एसट्या एकामागं एक उभ्या केल्या तर होतील तेवढं अंतर आम्ही देवाच्या भरवशावर गेलो. पुढचा पोरगा गाणी ऐकत होता.

आता कायद्याचं. भाड्याच्या गाडीत यावर वादच नाही. 2003 च्या तंबाखू कायद्यात सार्वजनिक जागांच्या यादीत प्रवासी वाहनं आहेत, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणं तिथं ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो. त्याच नियमांत असंही आहे की अशा जागी राखपात्र, काडेपेटी, लायटर पुरवायचा नाही. म्हणजे ती निळ्या दिव्याची डबीसुद्धा नियमात बसत नाही. आणि जागेचा मालक किंवा व्यवस्थापक तक्रार येऊनही गप्प बसला तर दंड त्याच्यावरही येतो.

कंपनीला फोन केला. बाई गोड बोलल्या: "सर, पुढच्या वेळी नॉन-स्मोकिंग ड्रायव्हर हवा असेल तर बुकिंगच्या वेळी रिमार्कमध्ये टाका." म्हणजे कायदा पाळणारी गाडी हवी असेल तर आधी मागणी नोंदवायची! तीन तारे कापले ते सिगारेटसाठी नाहीत, या उत्तरासाठी. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा आहे, मालकानं एकदा दम भरला तर सुधारेल.

स्वतःच्या गाडीत एकटा माणूस ओढत असेल तर? आमच्या कट्ट्यावर यावर भांडण झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनं धोकादायक चालवणं म्हणजे काय ते लिहिलंय: सिग्नल तोडणं, उलट दिशेनं येणं, हातात मोबाईल धरणं. सिगारेटचं नाव नाही. सावध चालकाकडून अपेक्षा असते त्याहून फार खालच्या दर्जाचं चालवणं, असं एक मोघम कलम आहे त्यात. पोलिसानं ठरवलं तर त्यात बसवता येईल, पण बसवणार कोण? पुतण्या इंग्लंडात लीस्टरला असतो. तो सांगतो, तिकडं ऑक्टोबर 2015 पासून बंद गाडीत अठराच्या आतलं कुणी असेल तर ओढणं गुन्हा आहे, पन्नास पौंड दंड, आणि ओढणारा दुसराच असला तरी ड्रायव्हरलाही भरावा लागतो. टप पूर्ण उघडं असलेल्या गाडीला सूट. एकटा असेल तर हरकत नाही, फक्त गाडीवरचा ताबा सुटता कामा नये.

मला तिकडचा अर्धा कायदा पटतो. लेकराचं आहेच, ते आपल्याकडं खासगी गाडीतही यायला हवं. पण एकट्याला मोकळीक कशाला? मोबाईलनं हात अडकतो म्हणून गुन्हा, मग पेटत्या काडीनं अडकतो तो हात वेगळा आहे का? मोबाईल निदान मांडीवर पडून चटका देत नाही. सिगारेट हा शब्द त्या कलमात मोबाईलच्या शेजारी घालावा, एवढंच माझं म्हणणं. कट्ट्यावरचे जोशी म्हणाले, मग चहा पिणाऱ्यालाही धरा. धरा की! घाटात चहा पीत गाडी चालवणाऱ्याला माझा कुठलाही पाठिंबा नाही.

परतीला स्वारगेटवरून विनाथांबा एसटीनं आलो. सीटचा स्पंज बसलेला, खिडकीची काच खडखडत होती, पण चालकाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि मंडळी भुईंजपर्यंत झोपल्या होत्या. ज्यांच्याबरोबर लहान मूल किंवा दम्याचा माणूस आहे त्यांनी हाच पर्याय घ्यावा. कॅबच घ्यायची असेल तर गाडीत पाय ठेवायच्या आधी ती डबी आहे का बघा, आणि असेल तर तिथंच, दारात, बोला. रस्त्याला लागल्यावर ड्रायव्हरशी वाद घालणं हेही धोक्याचंच.

कंपनीनं नंतर दिलगिरी म्हणून पुढच्या प्रवासावर शंभर रुपये सूट पाठवली आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत. मी वापरणार नाही.