कट्टा की भिशी? कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी कसं जमावं

परवा भाचीचा फोन आला. "मामा, सोसायटीत कादंबऱ्या वाचणारे सात-आठ जण निघालेत. कट्टा सुरू करू की भिशी?" फोनवर मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. मी पुण्यात साडेचार वर्षं कट्ट्यावर होतो आणि साताऱ्याला आल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, भिशीत आहे. त्यामुळे खरं तर मला नीट सांगता यायला हवं होतं. ते आता लिहून काढतो.

कट्टा म्हणजे महिनाभरात सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची आणि ठरल्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमून तिच्यावर बोलायचं. भिशी म्हणजे नेहमीची भिशीच, फक्त ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची आपल्या पसंतीची पुस्तकं घ्यायची आणि ती सगळ्यांत फिरवायची. व्हॉट्सॲपचा गट हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. मुखपृष्ठांचे फोटो पाठवायला तो ठीक आहे. पण रात्री अकराला तुम्ही एखाद्या प्रकरणाबद्दल मनापासून चार ओळी लिहाव्यात आणि सकाळी त्यांच्यावर सात सुप्रभात येऊन बसलेले असावेत, हे मला सोसत नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 2009 साली नाशिकहून सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी मात्र खरोखर मोठी सोय आहे. शंभर पुस्तकं गटाच्या दारात येतात, काही महिन्यांनी पेटी बदलते, आणि अशा पेट्या थेट दुबईपर्यंत गेल्या आहेत. पण तिच्यात चरित्रं, प्रवासवर्णनं, कथासंग्रह असं सगळंच असतं. कादंबरीवर बोलायला माणसं आपली आपल्यालाच जमवावी लागतात, म्हणजे प्रश्न परत तिथेच येतो.

आधी कट्ट्याची बाजू सांगतो, नाहीतर भाची म्हणेल मामाने निकाल आधीच लावला होता.

आमच्या कट्ट्याने एकदा 'कोसला' घेतली. 1963ची कादंबरी, नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला आलेला, आणि आम्ही बसलेलो पुण्यातच. निवृत्त झालेले एक काका सुरुवातीलाच म्हणाले, "या पोराला बापाच्या पैशाची किंमत नाही." आमच्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. तोवर चार बैठकांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. तो एकदम लाल झाला आणि वीस मिनिटं पांडुरंग सांगवीकराच्या बाजूने भांडला. कुणाच्या बापाबद्दल बोलणं चाललंय तेच कळेना. मग एका ताईंनी पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मोठ्याने वाचली आणि दोघंही गप्प झाले. चहा तसाच राहिला. भिशीत हे होणार नाही. दहा जणांच्या मनात एकच कादंबरी एकाच वेळी ताजी असणं ही चैन फक्त कट्ट्यावर मिळते, हे मला मान्य करावंच लागेल.

बारीक कादंबऱ्यांना तर कट्टा फारच मानवतो. 'रणांगण' 1939ची, सगळी एका बोटीवरच्या प्रवासात घडते, आणि दोन संध्याकाळींत वाचून होते. शनिवारी जागा होणारा सभासदसुद्धा रविवारी वाचून येऊ शकतो.

मग मी कट्टा सोडला कशामुळे? लोकांना वाटतं, पुस्तक न वाचताच बैठकीला येणाऱ्यांना कंटाळून. तसं नाही. न वाचताच येणारे असतातच, आणि त्यांच्यातला एखादा चांगला चहाही करतो. मला छळलं ते प्रतींनी.

कट्ट्यात आठ जण, म्हणजे एका कादंबरीच्या आठ प्रती हव्यात. ऐकायला हा काही प्रश्नच वाटत नाही. पण मराठी कादंबरीची आवृत्ती संपली की पुढची कधी निघेल याचा भरवसा नसतो. 1967च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव वाचनालयांना सरकारी आधार मिळाला, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. पण कुठल्याही वर्गातलं वाचनालय एका कादंबरीच्या आठ प्रती कशाला घेईल? एक असते, आणि ती कुणाकडे तरी गेलेली असते. मराठी ई-पुस्तकं आता बरीच मिळतात, पण आमचं नशीब असं की आम्हाला हवी असलेली नेमकी त्यांत नसायची.

एका पावसाळ्यात आम्ही साठीच्या दशकातली एक कादंबरी ठरवली. सुचवणारा मीच. तिचं नाव सांगत नाही, कारण अजून तिची चांगली प्रत शोधतोय आणि मला स्पर्धा नको. तीन शनिवार मी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत घातले. दुकानदार आपुलकीने म्हणायचे, "संपली हो, येईल कधीतरी." शेवटी रद्दीतून दोन आणि एका वाचनालयातून एक अशा तीन प्रती झाल्या. दोघांनी झेरॉक्स काढली, तिचा खर्च पुस्तकाच्या छापील किमतीहून जास्त झाला. बाकीच्या तिघांना कुणीतरी पीडीएफ पाठवली. ती चोरीची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते बोललं नाही. तिच्यात मधली सोळा पानं नव्हती. रविवारी जमलो तेव्हा त्या तिघांच्या कादंबरीत नायकाची बहीण लग्न न होताच एकदम सासरहून परत आली होती. कुणी एखादा उतारा काढला की "माझ्यात पान 84", "माझ्यात 97", "माझ्यात पानांना आकडेच नाहीत" असं सुरू व्हायचं. दोन तासांतला एक तास पानं जुळवण्यात गेला.

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट. कुणी न ठरवता आम्ही सहज मिळणाऱ्या कादंबऱ्यांकडे वळलो. 'स्वामी' आणि 'मृत्युंजय' घरोघरी असतात, मग घ्या तेच. चांगलीच पुस्तकं आहेत, प्रश्न तो नाही. पण ती आमच्यातल्या बहुतेकांनी दहावीच्या सुट्टीत वाचलेली. जे दुकानात आठ प्रतींनी उपलब्ध तेच आपण वाचणार असू, तर निवड आपली कुठे राहिली? त्यात कट्टा मतदानावर चालतो. आठ जणांच्या पसंतीचा मध्य काढला की जे पुस्तक निघतं ते कुणाचंच पहिलं नसतं.

भिशीला एक प्रत पुरते. मला बाकी काही सांगायचं नसतं तरी चाललं असतं.

आम्ही दहा जण दरमहा दोनशे रुपये काढतो. जमलेल्या दोन हजारांत, दुकानदाराने सूट दिली तर, चार-पाच कादंबऱ्या येतात. चिठ्ठी निघालेल्या माणसाला कुणालाही विचारायचं नसतं. त्यामुळे निवडी लहरी होतात आणि तिथेच गंमत आहे. आमच्यातल्या एका मावशींनी एकदा सगळ्या पैशांची जुनी पुस्तकं आणली. नव्या चार आल्या असत्या तिथे जुन्या अकरा आल्या, त्यांतल्या तीनचं कव्हर नव्हतं. त्या बिनकव्हरच्यांतली एक मी आजवर वाचलेल्या कादंबऱ्यांत फार वर आहे. मतदान झालं असतं तर तिला माझंसुद्धा मत पडलं नसतं.

भिशीचे दोष नाहीत असं नाही. पुस्तक अडकतं. "अर्धं झालंय" हे वाक्य मी एकाच पुस्तकाबद्दल एकाच माणसाकडून चैत्रात, ज्येष्ठात आणि गणपतीत ऐकलंय. आमची माणसंही पांगलेली. दोघं वाईला, एक जण कऱ्हाडला. वाईहून रोज साताऱ्याला येणारे एक सर आहेत, पुस्तकं त्यांच्या डब्याच्या पिशवीतून एसटीने ये-जा करतात. एका कादंबरीवर मटकीचा रस्सा सांडला, तर सरांनी स्वतःहून नवी प्रत आणून दिली. जुनी त्यांनी ठेवून घेतली. म्हणाले, आता तिच्याशी नातं जुळलंय.

खरा दोष मात्र एकटेपणाचा. तुम्ही आषाढात कादंबरी संपवता, पोटात कालवाकालव होते, आणि बोलायला कुणी नसतं, कारण पुढच्याने ती अजून उघडलेली नाही. पहिलं वर्ष यातच गेलं. तेव्हा मला कट्ट्याची फार आठवण यायची.

मग प्रत्येक पुस्तकाबरोबर एक वही जाऊ लागली. साधी शंभर पानी, पुस्तकाबरोबर एकाच कापडी पिशवीत. नियम एकच आहे, कादंबरी संपल्याशिवाय वही उघडायची नाही. संपली की आधीच्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि आपलं लिहायचं. कुणी दोन ओळी लिहितं, कुणी चार पानं. समोरासमोर जो माणूस दर वाक्याला मान डोलावतो, त्याचं वहीतलं मत वाचून मी चाट पडलोय. पहिला नंबर असला तर वही कोरी असते आणि जरा ओकंबोकं वाटतं. सातवा-आठवा नंबर लागला की कादंबरी संपल्यावर दुसरी छोटी कादंबरी वाचायला मिळते. भांडणंही होतात, फक्त सावकाश. एका शेवटावरचा आमचा वाद वैशाखात सुरू झाला आणि दिवाळीला मिटला.

तर भाचीसाठी माझं मत, अर्थात एका कट्ट्याच्या आणि एका भिशीच्या अनुभवावरचं. तुमच्यात सगळे एकाच इमारतीतले असतील, नवी किंवा इंग्रजी पुस्तकं जास्त वाचत असतील, तर कट्टा बेलाशक करा. तिथे प्रतींचं रडगाणं नसेल आणि संध्याकाळी जिना उतरून बोलता येईल. दुकानात न मिळणारं मराठी वाचायची हौस असेल तर भिशी बघा, पण पहिल्या दिवसापासून वह्या ठेवा. आमच्यासारखं वर्ष वाया घालवू नका. दोन्ही एकत्र करता येईल का, असंही ती विचारेल. आम्ही वर्षातून एकदा, एखादी बारीक कादंबरी घेऊन, कट्ट्यासारखे जमतो. त्याहून जास्त जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मावशींची ती बिनकव्हरची कादंबरी फेरी पूर्ण करून परत आली. वही चाळली. माझ्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "हे पटलं नाही. ती परत का आली ते पुन्हा वाचा." अक्षर आमच्या दहांपैकी कुणाचंच नाही. वाईच्या सरांना विचारलं, कऱ्हाडला फोन केला, मावशींच्या सुनेलाही विचारून झालं. अजून पत्ता लागलेला नाही. ते प्रकरण मात्र मी पुन्हा वाचायला घेतलंय.