ट्रेलरच्या झडपेचे गॅस स्ट्रट: बिजागरीजवळ की लांब?

फूड ट्रेलर बनवायला टाकला असेल आणि खिडकीची वर उघडणारी झडप गॅस स्ट्रटवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डिकीच्या शॉकअपवर, तोलायची असेल, तर भोकं पाडण्याआधी फॅब्रिकेटरला थांबवा. आधी जागा ठरवायची, ताकद त्यावरून निघते.

९० सेंटिमीटर उंच, १८ किलोची झडप धरू. बंद असताना ती नुसती लटकते, भार बिजागरी पेलते. आडवी उघडली की तेच वजन बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर खाली ओढतं. स्ट्रटची खरी परीक्षा तिथे.

बिजागरीजवळ लावायचा तर पूर्ण उघडल्यावर २८ सेंटिमीटर होणारा आखूड स्ट्रट चालतो: बिजागरीपासून झडपेवर साडेआठ सेंटिमीटरवर, चौकटीवर साडेसव्वीसवर. खिडकी मोकळी राहते, दिसतंही छान. पण झडप तोलायला दोन्ही बाजूंचे स्ट्रट मिळून सुमारे ९८० न्यूटन लागतात. १८ किलोच्या झडपेला जवळपास १०० किलोचा रेटा! माझ्या पहिल्या ट्रेलरला असेच लावले होते. एका पावसाळ्यात ब्रॅकेटभोवतीचा पत्रा फुगला, रिव्हेटची भोकं लांबट झाली आणि झडप एका कानाने खाली आली.

लांबच्या मांडणीत ५० सेंटिमीटरचा, २० सेंटिमीटर स्ट्रोकचा (म्हणजे दांडा तेवढा आत-बाहेर सरकणारा) स्ट्रट; झडपेवर १७, चौकटीवर ४७. आता दोन्ही मिळून ५०० न्यूटन पुरतात. थोडी जादा ताकद हवीच, म्हणून प्रत्येकी ३०० न्यूटनची जोडी घ्या. नळकांड्यावर छापलेला आकडा २० अंशांचा असतो; डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तो तीन-चार टक्के उतरतो, ४० अंशांच्या उन्हात सातेक टक्के चढतो. तोटा एकच: उघड्या खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरपे दांडे येतात, भांडं पुढे करताना कोपर लागतं. खिडकी मीटरभराहून रुंद असेल तर मी डोळे मिटून हेच घेईन. अरुंद असेल तर जवळची मांडणी, पण पत्र्याच्या मागे अँगल वेल्ड करूनच. आणि वेल्डिंग स्ट्रट बसवण्याआधी. ठिणगी रॉडवर, म्हणजे सरकणाऱ्या दांड्यावर, बसली की गॅस रोखणारं सील गेलं.

मांडणी कोणतीही असो, बंद झडपेत बिजागरी, झडपेवरचं टोक आणि चौकटीवरचं टोक जवळपास एका रेषेत हवं. चौकटीचं टोक या रेषेच्या आत गेलं तर स्ट्रट बंद झडपेलाही ढकलत राहतो, सगळा ताण कडीवर. किंचित बाहेर ठेवलं तर तोच तिला दाबून धरतो. हायवेवर हे फार मोलाचं. नळकांडं झडपेवर, रॉड खाली चौकटीकडे, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

एकाच बाजूला स्ट्रट लावू नका, झडप पिळवटते. वाऱ्यासाठी टेकू ठेवाच, कारण साधा स्ट्रट लॉक होत नाही.

भोकं पाडण्याआधी स्ट्रटच्या मिटलेल्या आणि पूर्ण उघड्या लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या कापा. आखूड पट्टी बंद झडपेत, लांब पट्टी उघड्या झडपेत, दोन्ही त्याच दोन खुणांवर बसल्या तरच ड्रिल लावा.