स्टिअरिंग ढिलं झालंय: स्क्रू कसायचा, जॉइंट बदलायचे की बॉक्सच?

आमची पिकअप काटोलकडच्या बागांतून नागपूरच्या कळमना मार्केटात संत्रा आणते. मागच्या आंबिया बहाराच्या मालात भरली गाडी रस्त्यावर लहरायला लागली. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला खबर नाही. पहिल्या गॅरेजात कोणी खाली वाकूनही पाहिलं नाही. "भाऊ, बॉक्स गेला. नवा टाका." (बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांच्या दांड्यांकडे पोचवणारी गिअरची पेटी.) दुसऱ्या मिस्त्रीनं मला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः खाली शिरला आणि डाव्या टायरॉड एंडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या जॉइंटवर, हात ठेवून म्हणाला, "हलवा." खटखट तिथंच होती. बॉक्स आजही तोच आहे.

म्हणून सांगतो, कोणताही पर्याय निवडण्याआधी ही हलवून पाहायची परीक्षा स्वतःसमोर करून घ्या. आधी टायरची हवा बघा, कारण पुढची हवा कमी असली तरी गाडी लहरते. मग गाडी सपाट जागी, चाकं सरळ आणि जमिनीवरच ठेवा. हॅन्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पॉवर स्टिअरिंग असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा. एकानं स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहायचं, दुसऱ्यानं वरून खाली एकेक सांधा बघत जायचं.

कॉलमचा दांडा फिरतोय, पण बॉक्सखालचा ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा हलता दांडा) उशिरा हलतोय, तर ढिलाई बॉक्समध्ये. ड्रॉप आर्म लगेच हलतो, पण ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणारा दांडा) मागाहून ओढली जाते, तर मधला जॉइंट गेला. बॉक्सच चेसिसवर डुलत असेल तर त्याचे बोल्ट ढिले, किंवा चेसिसला तिथं तडा. तडा असेल तर गाडी तिथंच उभी करा. सगळ्या लिंका बरोबर हलत असतील तर पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटका लागला, तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्या पिनेवर चाक वळतं ती). गाडीला किंगपिन नसेल तर बॉल जॉइंट, म्हणजे त्याच कामाचा गोळ्याचा सांधा. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटका गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. चाक डावं-उजवं हलवताना खटका आला तर आधी टायरॉड एंडवर हात ठेवा.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त सुचवला जाणारा, म्हणजे बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू कसणं. दोष बॉक्समध्ये असेल आणि थोडाच असेल तर हे काम चोख होतं. पण बॉक्सची झीज मधोमध जास्त होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधली ढिलाई जावी म्हणून स्क्रू जास्त कसला, की वळणावर बॉक्स आवळतो आणि वळल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. वर्धा रोडवरच्या उड्डाणपुलाच्या वळणावर असं आवळलेलं स्टिअरिंग ढिल्यापेक्षा वाईट. स्क्रू चाकं सरळ ठेवूनच, पाव-पाव आटा कसायचा, चेकनट (स्क्रू जागचा हलू न देणारा नट) आवळायचा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहायचं. जॉइंट झिजलेला असताना स्क्रू कसणं म्हणजे नुसतं नुकसान: ढिलाई तशीच राहते आणि चांगला बॉक्सही खराब होतो.

जॉइंट बदलणं हा माझ्या मते बहुतेक पिकअपवाल्यांचा खरा पर्याय. खर्च बॉक्सच्या मानानं किरकोळ, काम एका दिवसाचं. आपल्याकडचं ऊन जॉइंटवरचे रबरी बूट फोडतं, त्यात धूळ जाते, पावसात चिखल जातो, ग्रीस संपतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 98 प्रमाणे जॉइंटवर रबरी टोपी हवी आणि स्टिअरिंगची ढिलाई 30 अंशांपेक्षा जास्त नको. 40 सेंटिमीटरच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला जवळपास 10 सेंटिमीटर! मी तर तीन बोटांवर ढिलाई गेली की गाडीच्या खाली शिरून बघायला लावतो. डावा-उजवा दोन्ही टायरॉड एंड एकदमच बदला. जुना काढताना आटे मोजून ठेवा, स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी पिन) नवीन टाका, आणि त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) करा, नाहीतर नवे टायर महिन्याभरात कडेनं खाऊन जातील. वाकलेली लिंक तापवून सरळ करून देणारे, तुटलेली वेल्डिंग करून देणारे भेटतात. ते काम कितीही स्वस्त असो, करू नका.

किंगपिनचं काम थोडं वेगळं. पिन आणि बुश जोडीनं बदलावे लागतात आणि बुश रीमर मारून, म्हणजे भोक मापात घासून, बसवावे लागतात. ठोकून बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

राहिला बॉक्स. इथं एक गोष्ट पैसे वाचवते: ऑइल गळतं म्हणून जो किट टाकतात, त्यात मुख्यतः सील असतात. गळती थांबते, ढिलाई जात नाही. आतला वर्म किंवा सेक्टर शाफ्ट (एकमेकांत बसून फिरणारे दातेरी भाग) झिजला असेल तर ते भाग बदलून ओव्हरहॉल, नाहीतर दुसरा बॉक्स. भंगारातला बॉक्स परवडतो, पण हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर मध्यावर आणा आणि तिथं ड्रॉप आर्म हलवून पाहा. मध्यावर सैल असेल तर परत ठेवा. तुमचा बॉक्स पॉवरचा असेल तर पॉवरचाच घ्या.

शहरातच बाजारहाट करणारी गाडी असेल तर जॉइंट, अलाइनमेंट आणि गरज पडली तर स्क्रू, एवढ्यावर निभावतं. पण समृद्धीवर लांब पल्ल्याचं भाडं मारत असाल आणि परीक्षेत बॉक्सची ढिलाई दिसली असेल, तर जुगाड करू नका. त्या वेगात चार बोटांची ढिलाई म्हणजे शेजारची लेन. तिथं नवा किंवा नीट ओव्हरहॉल केलेला बॉक्सच.

काम झाल्यावर रिकामी गाडी आधी आउटर रिंग रोडवर न्या, वळल्यावर हात सैल सोडून स्टिअरिंग परत येतं का बघा. शंभर किलोमीटर झाले की त्याच मिस्त्रीकडून सगळे नट आणि स्प्लिट पिन पुन्हा तपासून घ्या, मगच माल भरा.