ओपन साईट की स्कोप? सातारा-सांगलीत पहिली एअर रायफल घेणाऱ्यांसाठी

हरणाच्या शिकारीच्या रायफलीवर लोखंडी साईट ठेवायची की दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवायची, हा वाद जिथे शिकारीला परवाने मिळतात त्या देशांत जुना आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला. सागरेश्वरचं चितळ, चांदोलीचा सांबर, उसातला ससा, रानातला मोर यांच्यावर नेम धरणं हा गुन्हा आहे, मग हातात बंदूक असो की एअर रायफल. त्यामुळे कराड, मिरज, इस्लामपूर, फलटण भागात हाच प्रश्न कागदी टार्गेटपुरता उरतो. मुलाला नेमबाजी शिकवायची आहे किंवा स्वतःला छंद लागला आहे, तर रायफलीवर ओपन साईट, म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी असलेली साधी लोखंडी साईट, पुरेल की स्कोप घ्यावा?

परवान्याचं आधी पाहू. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मि.मी. म्हणजे .177 बोअरची आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना घेता येते. 5.5 मि.मी.ला परवाना लागतो. पुढचं सगळं 4.5 मि.मी.बद्दल आहे.

आधी ठरवा, मूल स्पर्धेत उतरणार आहे का?

उत्तर हो असेल तर स्कोपचा विचारच सोडून द्या. 10 मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बिणीला जागा नाही. तिथे मागे बारीक छिद्राची आणि पुढे गोल कड्याची पीप साईट वापरतात. शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात, म्हणून प्रवेश अर्ज भरण्याआधी परिपत्रकातला गट नीट वाचा. मूल ओपनवर शिकतं आणि पुढे पीपवर जातं. स्कोपवर घालवलेलं वर्ष या वाटेत फारसं कामी येत नाही.

स्कोपशिवाय नेम अचूक बसत नाही ही समजूत तर काढूनच टाका. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, ते छिद्राच्या साईटवर. त्या टार्गेटचा दहाचा गोल 10.4 मि.मी. व्यासाचा असतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये 50 मीटर प्रोनच्या (झोपून नेम धरायच्या प्रकारातल्या) विश्वविजेत्या झाल्या, त्याही दुर्बिणीविना. 10 मीटरच्या टार्गेटवर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि तोही या साईटने फुटतो.

ओपन साईट: काय शिकवते, कुठे दगा देते

ओपन साईटमध्ये डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा) आणि टार्गेट. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणं शक्य नाही. नजर माशीवर ठेवायची, खाच आणि टार्गेट जरा धूसर राहू द्यायचं. नवखा माणूस टार्गेटकडेच टक लावून बघतो आणि छर्रे विखुरतात.

चूक किती महाग पडते याचा हिशेब सोपा आहे. दोन साईटमधलं अंतर 45 सें.मी. असेल आणि माशी खाचेत फक्त 0.1 मि.मी. डावीकडे सरकली, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 2.2 मि.मी. डावीकडे जातो. म्हणून खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना दिसणारा उजेड सारखा हवा आणि माशीचा माथा खाचेच्या काठाशी समपातळीत हवा. ही सवय हाताला आणि डोळ्याला लागली की पुढे कुठलीही साईट जमते. सातारा जिल्ह्यात घरटी एखादा फौजी सापडतो. त्यांना विचारून पाहा, साधी साईट आधी का शिकवतात ते प्रात्यक्षिकासह सांगतील.

दगा देतो तो उजेड. एप्रिलच्या उन्हात एका बाजूने प्रकाश आला की माशीची ती कड चमकते, डोळा चमकती कड मधली धरतो आणि छर्रा उलट्या बाजूला जातो. त्यावर जुना उपाय आहे: मेणबत्तीची काजळी माशीवर धरून ती काळीकुट्ट करायची. संध्याकाळी अंधुक उजेडात उलटं घडतं. माशी नीट दिसावी म्हणून ती नकळत जास्त वर उचलली जाते आणि छर्रे वर लागतात.

साईट जुळवताना मागची साईट त्याच दिशेला सरकवा जिकडे छर्रा न्यायचा आहे. एका छर्ऱ्यावरून काही ठरवू नका. पाच मारा, त्यांचा मध्य काढा, मगच स्क्रू फिरवा.

स्कोप: फायदा खरा, पण स्प्रिंगवर त्रासही खरा

स्कोपमध्ये टार्गेट आणि क्रॉस, म्हणजे भिंगातल्या आडव्या-उभ्या रेघा, एकाच पातळीत दिसतात. चाळिशीनंतर ज्यांना माशी पुसट दिसते त्यांच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे, आणि स्कोप घेण्याचं सगळ्यात पटणारं कारण हेच. दुसरं कारण अंतर. 20-25 मीटरवर छोटं टार्गेट माशीमागे झाकलं जातं, 4 पट दिसलं की नेमका ठिपका निवडता येतो.

हाताची थरथर मात्र स्कोप कमी करत नाही, उलट चार पट मोठी करून दाखवतो. क्रॉस ठिपक्यावरून जाताना पाहून नवखा घाईने चाप ओढतो, आणि नेमका तो झटकाच छर्रा बाहेर घालवतो.

आपल्याकडे पहिली रायफल बहुधा नळी मोडून ताणायची (ब्रेक बॅरल), म्हणजे स्प्रिंगची असते. तिचा धक्का साध्या बंदुकीसारखा एका दिशेचा नसतो. पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते, पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे हिसका खाते. साध्या बंदुकीचे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात. स्प्रिंग रायफलीच्या पुढच्या हिसक्याने त्यांच्या आतल्या भिंगांची बैठक सैल होते आणि झीरो, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी पडण्याची जुळणी, रोज नवा निघतो. म्हणून डब्यावर एअरगन किंवा स्प्रिंगर रेटेड लिहिलेलं असेल तरच घ्या. त्याच हिसक्याने माउंट, म्हणजे स्कोप धरणाऱ्या पकडी, रायफलीवरच्या रेलवर हळूहळू मागे सरकतात. मागच्या माउंटला रेलमधल्या भोकात बसणारी पिन हवी किंवा मागे वेगळा स्टॉप ब्लॉक लावायला हवा. रेल बहुतेक वेळा 11 मि.मी. डव्हटेल असते. त्यावर 21 मि.मी.चे माउंट बसत नाहीत, मागवण्याआधी मोजा.

दुसरी अडचण पॅरलॅक्सची. बऱ्याच स्वस्त स्कोपची जुळणी कारखान्यात 100 यार्डासाठी केलेली असते. 10 मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवर सरकतो. तपासायला रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा. क्रॉस सरकला तर हा स्कोप 10 मीटरच्या कामाचा नाही. पुढच्या भिंगाजवळ फिरती कडी असलेला, 10 यार्डापर्यंत फोकस होणारा एओ स्कोप मागा.

तिसरी गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहीत. ब्रेक बॅरलची नळी कधी कधी बंद झाल्यावर थोडी खाली झुकलेली राहते आणि सांधा झिजला की तो कोन बदलतो. मागची साईट नळीच्याच ठोकळ्यावर असेल तर दोन्ही साईट नळीबरोबर फिरतात आणि फारसं बिघडत नाही. स्कोप मात्र मागच्या नळकांड्यावर बसतो, त्याला नळीचा झुकाव कळत नाही. टरेट (स्कोपवरची जुळणीची चकती) वरच्या दिशेला संपेपर्यंत फिरवूनही छर्रे खालीच लागत असतील तर कारण बहुधा हेच. मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी ठेवून पाहा. दोनपेक्षा जास्त पट्ट्या लागल्या तर झुकाव भरून काढणारे माउंट घ्या, नाहीतर स्कोपची नळी दाबली जाईल.

बसवताना 10 मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवा. रिंगचे स्क्रू आलटून-पालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. सुमारे 2 न्यूटन-मीटर पुरे होतं. टरेटची एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर 10 मीटरवर ती 0.7 मि.मी.च भरते. छर्रा 15 मि.मी. हलवायला वीसेक क्लिक लागतील, दोन-चार क्लिकांत फरक दिसला नाही म्हणून स्कोपला दोष देऊ नका.

अंतर बदललं की दोन्हींचं वागणं वेगळं

छर्रा 0.53 ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला 180 मीटर धरू. 10 मीटरपर्यंत छर्रा सुमारे 1.6 सें.मी. खाली येतो, 25 मीटरपर्यंत साडेदहा सें.मी.च्या आसपास. नळीपासून स्कोपची उंची 45 मि.मी. आणि ओपन साईटची 18 मि.मी. असेल, दोन्ही 10 मीटरवर झीरो असतील, तर चित्र असं: 5 मीटरवर स्कोपवाला छर्रा जवळजवळ 2 सें.मी. खाली, ओपनचा फक्त अर्धा सें.मी. खाली. 20 मीटरवर स्कोपचा सुमारे 1 सें.मी. वर, ओपनचा 2 सें.मी. खाली. 25 मीटरवर स्कोपचा जवळपास पुन्हा मध्यावर येतो आणि ओपनचा 4 सें.मी. खाली जातो. परसात 10 आणि 25 अशी दोनच अंतरं असतील तर स्कोप इथे सरळ जिंकतो.

काय घ्यावं

बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी ओपन साईटची रायफल, स्कोपचे वाचलेले पैसे चपट्या डोक्याच्या मॅच छर्ऱ्यांवर आणि रेंजच्या फीवर. स्कोप आणि माउंट मिळून अर्धा किलो भरतात, तीन किलोच्या रायफलीवर तेवढं वजन लहान खांद्याला उभं राहून पेलत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरच्या शेडमध्ये बसून नेम धरणाऱ्यांनी 4x32 (4 पट, पुढचं भिंग 32 मि.मी.) एओ घ्यावा. 10 मीटरला 9 पट कशालाच लागत नाही. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबाची हवा भरलेल्या, रायफलीला असा दुहेरी हिसका नसतो, आणि बऱ्याच पीसीपींवर साईट मुळात येतच नाही. तिथे स्कोप घेणं ओघानेच आलं.

घेताना साईट आधीपासून असलेलीच रायफल निवडा. स्कोप नंतर बसवता येतो, पण नळीच्या टोकाला माशी बसवायची खाच नसेल तर ती कोरून घेणं महागात पडतं. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात स्कोप नायट्रोजन भरलेला नसेल तर आतून धुकं धरतो, आणि माशीच्या बुडाशी गंज चढतो. तिथे तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा, नळीत तेल ओतू नका. नळीतलं तेल दाबाने पेट घेतं, धूर येतो, छर्ऱ्याचा वेग दर वेळी वेगळा निघतो आणि जुळवलेली साईट बिघडली असं वाटू लागतं.